स्ट्रॉन्सेतला उकाडा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांपैकी एक असलेल्या स्ट्रॉन्सेवर झाडं नाहीत. वारा त्यांना उभंच राहू देत नाही. माणसं मात्र हट्टाने उभी राहतात, आणि थोरा ड्रेव्हर तर जरा जास्तच हट्टाने. साठीला टेकलेली ही बाई नवरा गेल्यापासून एकटीने डझनभर गाई सांभाळत होती. चालताना तिचा डावा पाय थोडा फरपटायचा. कुणी विचारलंच तर म्हणायची, "उजवा घाईत असतो. डावा विचार करून येतो."

थंडी तिला वाजत नव्हती असं नाही, पण वाजते असं कबूल करायचं नाही ही तिच्या माहेरची शिस्त. स्वयंपाकघरातली लोखंडी चूल संध्याकाळीच पेटायची. दिवसा धूर दिसला तर शेजारी चौकशीला येतील, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

आजारी तर ती होतीच. काही वर्षांपूर्वी तळव्याला मुंग्या आल्या तेव्हा तिने बुटांना शिव्या दिल्या. मग एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं तेव्हा चष्म्याला दिल्या. शेवटी ॲबर्डीनच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण ठिकठिकाणी झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही, असा हा रोग. दुसरीकडे हे नाव दहा वेळा उलगडून सांगावं लागलं असतं. इथे थोराने दुकानात नुसतं "एमएस" म्हटलं आणि दुकानदारीणबाईने मान हलवली. ऑर्कनीच्या बेटांना हा रोग घरच्यासारखा ओळखीचा आहे. पलीकडच्या शेतातल्या मॅन्सी लिंकलेटरच्या बहिणीला तो होता, शाळेतल्या बाईंच्या भावाला होता. त्यामुळे कुणी गळा काढला नाही. मॅन्सी तेवढा दुसऱ्या दिवशी न विचारता आला आणि तिच्या गोठ्याच्या पायऱ्यांना कठडा ठोकून गेला.

किर्कवॉलहून बोटीने एमएसची नर्स यायची, एल्सपेथ नावाची. पहिल्याच भेटीत तिने बजावलं, "दमलीस की थांबायचं. ताप किंवा लघवीची जळजळ अंगावर काढायची नाही. आणि उकाड्यापासून जपायचं हं, अंग तापलं की पाय दगा देतात."

जून महिना होता आणि बाहेर गारा पडत होत्या. थोराने खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं. "उकाडा? एल्सपेथबाई, तो इकडे कुठल्या बोटीने येतो?"

तिची एकुलती एक मुलगी इंगा शेजारी बसली होती. तिला इतकं हसू फुटलं की चहा स्कर्टवर सांडला. नर्सही हसली. पहिले दोन सल्ले थोराने इमानाने पाळले. तिसरा मायलेकींनी विनोद म्हणून जपून ठेवला, पुढे कित्येक दिवस इंगा ॲबर्डीनहून फोन केला की आधी विचारायची, "काय गं आई, उकडतंय का?"

मग गेल्या शरदात खरंच घात झाला. कुरणाचं कुंपण बघायला गेलेली थोरा तिथेच कोसळली आणि मॅन्सीचा कुत्रा भुंकेपर्यंत ओल्या गवतात पडून राहिली. इस्पितळ, औषधं, मग भिंत धरून चालणं. पाय परत आले, पण सावकाश आले. इंगा तेव्हा रडली नाही. ती चिडली, आणि ते जास्त वाईट. तिने आईकडून शब्द घेतला: पुन्हा एकदा पाय गेले, की गाई मॅन्सीला. साक्षीला मॅन्सीच होता. तो टोपी हातात धरून उभा होता आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा भिडवत नव्हता, कारण थोराच्या पांढऱ्या पाठीच्या गाईवर, फ्लेकीवर, त्याचा बरीच वर्षं डोळा होता.

थोराने शब्द दिला. ड्रेव्हरांच्या घरात दिलेला शब्द परत घेत नाहीत. पण त्या दिवसापासून रोज सकाळी डोळे उघडले की ती आधी पांघरुणाखाली पायांची बोटं हलवून बघायची, आणि ती हलली की मगच देवाचं नाव घ्यायची.

फेब्रुवारीत इंगा आठवड्याची रजा काढून आली. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना धीर देऊन देऊन तिला धीर देण्याची सवयच लागली होती. घरात पाऊल टाकताच ती ओरडली, "आई! अगं हे घर आहे की मासे ठेवायची खोली?"

आणि ती कामाला लागली. चूल सकाळपासून पेटली. खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली गेली. ॲबर्डीनहून आणलेलं विजेचं पांघरूण गादीवर अंथरलं गेलं, आईच्या पायांत लोकरीच्या दोन-दोन विजारी चढल्या. आजोबांची गवती पाठीची खुर्ची तिने चुलीला अगदी चिकटवून ठेवली. त्या खुर्चीला वर टोपीसारखं छप्पर असतं, वारा लागू नये म्हणून. तिच्यात बसलं की माणूस भट्टीतल्या पावासारखा दिसतो. "बस इथे. हलायचं नाही. गाईंना मुरघास मी घालते."

थोरा बसली. तिला ते आवडलं असं नाही, पण लेकीची माया होती, तिला नाही कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी पाय जड वाटले. बसून बसून, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागली, ते तिने इंगाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी इंगाने टब काठोकाठ कढत पाण्याने भरला, आईला त्यात बसवलं, कोरडं करून, गुंडाळून पुन्हा चुलीपाशी आणलं आणि हातात वाफाळतं सूप दिलं. सूप संपलं. वाटी ठेवायला थोरा उठायला गेली.

पाय नव्हते. म्हणजे होते, दोन विजारींत दिसत होते, पण ओल्या पिठाच्या पोत्यांसारखे नुसते पडले होते. तिने पुन्हा जोर केला. वाटी फरशीवर फुटली.

इंगा दारात आली. तिने वाटी बघितली, मग आईचा चेहरा बघितला.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. थांब जरा, होईल."

"गेल्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

नर्सला फोन लावला तर ती दुसऱ्या बेटावर फेरीला गेलेली. निरोप ठेवला. दुसरा फोन इंगाने बाहेरच्या खोलीतून केला, हळू आवाजात, पण त्या घराच्या भिंतींना इतकी वर्षं काही लपवता आलं नव्हतं. "मॅन्सीकाका, या तुम्ही," असं थोराने स्पष्ट ऐकलं. नवरा, एडविन, गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवलं होतं ते या गाईंनीच, हंबरून. नाहीतर ती उठलीच नसती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता सांगून उपयोग नव्हता.

मॅन्सी आला तो बूट पुसत, टोपी चुरगाळत. थोरा म्हणाली, "तोंड पाडू नकोस, मी मेले नाही. शब्द म्हणजे शब्द. पण गाईंना मी स्वतः सांगणार."

"आई, गाईंना काय सांगायचं असतं?"

"तू दातांच्या रोग्यांना सांगतेस ना, आता दुखेल म्हणून? तसंच."

गोठा होता खाली किनाऱ्याजवळ. तिथवर तिला उचलून नेणं मॅन्सीच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. शेवटी त्याने ट्रॅक्टरच्या मागची, मेंढ्या न्यायची लोखंडी पेटी टेकवली आणि दोघांनी थोराला खुर्चीसकट त्यात चढवलं. गावची एखादी देवी मिरवणुकीला निघावी तशी ती निघाली, तोंड मागे करून, गवती छपराखाली. इंगा चिखलातून ब्लँकेट सावरत मागे धावत होती.

घराचा आडोसा संपला आणि वाऱ्याने पहिल्या झटक्यात ब्लँकेट उचललं. ते कुंपणावर जाऊन फडफडू लागलं. इंगा त्याच्यामागे पळाली. तेवढ्यात उतारावर ट्रॅक्टरने दोन आचके दिले आणि तो बंद पडला.

"मॅन्सी, हे काय?"

"डिझेलमध्ये पाणी. होईल आत्ता."

"आत्ता म्हणजे? तुझ्या लग्नालाही तू आत्ताच येणार होतास!"

मॅन्सीने डोकं इंजिनात घातलं. हिमकण मिसळलेला पाऊस आडवा येत होता. खुर्चीचं छप्पर वाऱ्याकडे पाठ करून असतं तेव्हाच उपयोगाचं. इथे वारा सरळ तोंडावर होता. थोराच्या नाकातून पाणी आलं, गुडघे भिजले, दोन विजारींतून गारवा हाडापर्यंत गेला. तिने वैतागून पाय आत ओढला.

मग ती थबकली. पाय आत आला होता.

तिने कुणाला सांगितलं नाही. कोंबडी अंड्यावर बसते तशी ती त्या गोष्टीवर गप्प बसून राहिली; बोललं की जाईल असं वाटत होतं. अंगठा हलवला. घोटा हलवला. उजवा गुडघा उचलला, मग डावा, विचार करून का होईना, उचलला. इंगा चिखलाने माखलेलं ब्लँकेट घेऊन परत आली तेव्हा तिची आई पेटीच्या कडेला धरून उभी होती.

"आई, खाली बस! पडशील!"

मॅन्सीने डोकं बाहेर काढलं. त्याचा पाना हातातून निसटून चिखलात पडला.

थोरा खाली उतरली. कुंपण धरत, उजवा घाईत, डावा मागून, ती गोठ्याच्या दारापर्यंत चालत गेली. आतून गाईंच्या श्वासांची ऊब तोंडावर आली. फ्लेकीने मान वळवली. आत जायला पाऊल उचललं आणि थोरा दारातच थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"इंगा," ती म्हणाली, "उकाडा."

"काय?"

"अगं उकाडा! आला! तू आणलास, ॲबर्डीनच्या बोटीने!"

इंगाला वाटलं आईला ताप चढला. तिने कपाळाला हात लावला. कपाळ बर्फ होतं. मग तिला जून महिन्यातल्या गारा आठवल्या, स्कर्टवर सांडलेला चहा आठवला, आणि तिचा हात कपाळावरच राहिला. चूल, टब, विजेचं पांघरूण, दोन विजारी, सूप. ती हसायला लागली आणि हसता हसता हमसून हमसून रडायला लागली. "मी तुला शिजवत होते," ती म्हणाली. "आई गं, तीन दिवस मी तुला शिजवत होते."

"चवीला मी बरी नसते," थोरा म्हणाली आणि तिने लेकीला ओल्या कोटासकट घट्ट धरलं. तिचेही डोळे भरून आले होते, आणि त्याचं खापर तिने वाऱ्यावर फोडलं नाही.

दुपारी एल्सपेथचा फोन आला. तिने सगळं खोदून खोदून विचारलं, ताप, लघवी, डोळे, आणि मग सुटकेचा श्वास सोडला. हा नवा झटका नव्हता. जुन्याच झिजलेल्या नसा तापल्या की निरोप अडतो, गार झाल्या की पुन्हा जातो; याने नवं नुकसान होत नाही. "पण ऐक थोरा, गार होऊनही पाय आले नाहीत, एक दिवस उलटला, तर बोटीची वाट बघायची नाही, मला उठवायचं. आणि थंडीत असं कुडकुडायचीही गरज नाही. कोमट पाणी, एकच विजार." अति तिथे माती, हे तिने तिच्या भाषेत सांगितलं.

टेबलाशी बसलेल्या मॅन्सीकडे इंगा वळली. करार त्याच्या साक्षीने झाला होता, निवाडाही त्यानेच करायचा. त्याने जवाच्या भाकरीवर चीज ठेवलं, एक घास खाल्ला, गोठ्याच्या दिशेने बघितलं. फ्लेकी त्याच्या किती जवळ आली होती हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"करारात पाय जाण्याचं होतं," तो शेवटी म्हणाला. "पाय उकडण्याचं नव्हतं." आणि टोपी घालून तो आपला ट्रॅक्टर ढकलायला गेला.

खरा झटका पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. शब्दही तसाच होता, त्या दिवसासाठी राखून ठेवलेला. तो दिवस आज नव्हता, एवढं थोराला पुष्कळ होतं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दोघी बटाटा-सलगम कालवून, वर लोणी घालून जेवायला बसल्या. थोरा साध्या स्वेटरवर होती. इंगाने फटींतली वर्तमानपत्रं काढून टाकली होती, चूल मंद केली होती आणि वर खिडकी अर्धी उघडून ठेवली होती. ती स्वतः कोट, टोपी आणि मफलर घालून जेवत होती. नाक लाल झालं होतं, चमचा दातांवर वाजत होता.

"बंद कर गं ती. तुला सर्दी होईल."

"राहू दे. मला छान वाटतंय."

खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमायचं नाही. जेवण झाल्यावर ती आजोबांच्या खुर्चीत क्षणभर टेकली आणि टोपीसकट झोपून गेली. दिवसभराची भीती अंगातून उतरली की अशीच झोप लागते. थोराने बशा उचलल्या. मग विजेचं पांघरूण गादीवरून काढून आणलं, लेकीच्या गुडघ्यांवर घातलं आणि खुर्ची चुलीकडे थोडी ढकलली. चुलीत दोन कोळसे टाकले. खिडकी हळूच बंद केली.

खोली ऊबदार व्हायला लागली. थोराने खुंटीवरचा कोट घेतला, दार उघडलं आणि ती वाऱ्यात गाईंकडे चालू लागली.