लीलाधर नानांच्या दोन दुपारी
पारोळ्यात लीलाधर नानांचं शिलाईचं दुकान घराच्या ओट्यावरच होतं. आत खाटेवर त्यांची बायको, कोकिळाअक्का. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नानांनी तिच्या ब्लाउजांना एका हातानं सुटतील असे बंद लावून दिले, तिला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं. मुलगी मयुरी शिरपूरला. ती रोज फोनवर आईची चौकशी करायची आणि नाना म्हणायचे, "मजेत शे."

चैत्रातल्या एका दुपारी अक्कांनी तिसऱ्यांदा घास थुंकला. नानांच्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक, ताट भिंतीवर जाऊन आदळलं. अक्कांनी घाबरून डोळे घट्ट मिटले.

नानांनी भिंत पुसली, तिचं तोंड पुसलं आणि मशीनपाशी येऊन बसले. सुईत दोरा जाईना. तेवढ्यात शिवायला टाकलेलं झबलं न्यायला गल्लीतल्या सुगंधाबाई आल्या.

"काय व्हयनं, नाना?"

साठी उलटलेला माणूस हमसून हमसून रडायला लागला. "मी तिनासमोर ताट फेकं. मन्हासारखा नीच माणूस नही."

सुगंधाबाई पायरीवर टेकल्या. अंथरुणाला खिळलेली सासू त्यांनी सात वर्षं सांभाळली होती.

"मी तं सासूवर हात उगारेल शे, नाना. आजलगून कोनले सांगं नही." मग त्या म्हणाल्या, "नीच नही, तुम्ही थकेल शेतस. मंगळवारे नि शुक्करवारे दुपारे मी बससू अक्काजोडे."

"नको, नको. तिले दुसरानं हातनं चालत नही."

आतून खाट वाजली. अक्कांनी सगळं ऐकलं होतं. नाना धावत आत गेले. अक्कांनी डाव्या हातानं त्यांचे गाल पुसले, मग तोच हात नानांच्या छातीवर ठेवून त्यांना दाराकडे ढकललं.

"जा... य," त्यांनी कसंबसं उच्चारलं.

पहिल्या मंगळवारी नाना किल्ल्याजवळच्या लिंबाखाली नुसतेच झोपले. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात जाऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना झोप येत नाही, जीव नकोसा होतो, हे सांगितलं. बाईंनी घाई न करता सगळं ऐकलं, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

राग अजून येतो. आला की नाना ताट खाली ठेवून ओट्यावर जाऊन उभे राहतात.

परवा ते परतले, तर सुगंधाबाईंनी अक्कांची छान वेणी घातली होती आणि अक्का अर्ध्या तोंडानं हसत होत्या. नानांना थोडा हेवाच वाटला.