यास्नाच्या घरातली बंद खिडकी

पिरोत गावात मूल शिंकलं की कुणी त्याच्या नाकाकडे बघत नाही, आधी खिडकीकडे बघतात. समोरासमोरच्या दारं-खिडक्यांतून वाहणारा वारा, त्याला तिथे प्रोमाया म्हणतात, तो सगळ्या दुखण्यांचा धनी. मान धरली, दाढ ठणकली, मूल होईना, सगळं त्याच्याच माथी.

यास्ना सून म्हणून आली तेव्हा तिला याची गंमत वाटायची. मुलगी दुन्या झाली आणि गंमत संपली. पोर शाळेत जायला लागली तरी तिचं नाक कधी मोकळं नाही. उठल्या उठल्या शिंकांची सरबत्ती, दिवसभर तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं, आणि तळहाताने नाक खालून वर घासायची सवय. वर्गात तिला शेंबडी म्हणत.

सासू स्पासेनिया प्रेमळ होती, हीच पंचाईत. खाष्ट असती तर भांडता तरी आलं असतं. तिने नातीच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, थंड भिंत लागू नये म्हणून पलंगाशेजारी लोकरीचा गालिचा टांगला, पिसांची उशी दिली, वर स्वतः विणलेलं जाडजूड लोकरी पांघरूण. शिंका वाढल्या की पायात ब्रँडीत भिजवलेले मोजे. तरी थांबल्या नाहीत की आणखी एक पांघरूण.

शेवटी यास्नाने पोरीला नीश शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासलं. "धुळीतल्या किड्यांचं वावडं आहे. दिसत नाहीत, पण लोकरीत, पिसांत, गाद्यांत असतात. तिच्या खोलीतून ते सगळं काढा. चादरी कढत पाण्यात धुवा. खिडकी उघडा."

"बाई, आम्ही पिरोतला राहतो," यास्ना म्हणाली.

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

घरी स्पासेनियाने ऐकून घेतलं. "किडे? मी रोज फरशी घासते, आणि ती बाई म्हणते किडे?"

"आई, सगळ्यांच्याच घरात असतात."

"शेजारणीकडे असतील. तिच्याकडे मी पाणीसुद्धा पीत नाही."

मग तिने पेटीतून आपल्या लग्नातलं, कधी न उलगडलेलं पांघरूण काढलं. "हे कुणी वापरलेलंच नाही. यात कुठून येणार किडे?" ते आठवडाभर अंगावर घेतल्यावर दुन्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली.

नवरा सावा ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा. फोनवर म्हणाला, "आईचं मन मोडू नकोस. तिच्या घरात राहतो आपण."

"आपण नाही. मी राहते. तू ट्रकमध्ये राहतोस."

पुढे शरदात स्पासेनियाच्या बहिणीचा पाय मोडला आणि ती महिनाभर तिकडे गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी होताच यास्नाने गालिचा उतरवला, पिसांची उशी आणि पांघरुणं माळ्यावर टाकली, चिंध्या उपसल्या, खिडकी सताड उघडली. पोरीला सुती चादर, धुता येणारी रजई. शेजारचे लोक आपापल्या बंद काचेतून बघत होते, बघू देत.

पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. मग शिंका विरळ झाल्या. एका दुपारी यास्ना अंगणात मिरच्या भाजत असताना दुन्या जवळ येऊन म्हणाली, "आई, याला वास असतो?" यास्नाच्या विस्तवावरच्या मिरच्या करपल्या.

स्पासेनिया परतली. नातीचं कोरडं नाक बघून तिचे डोळे भरले. "जाताना छातीला ब्रँडी चोळून गेले होते. लागू पडली बघ."

"आई, ब्रँडीने नाही. लोकर काढली म्हणून."

"बरं बाई, तुझी डॉक्टर शहाणी." तोवर तिने खिडकी लावलीसुद्धा. "आता बरी झालीये, पुन्हा वारा लागायला नको." माळ्यावरून पांघरूण आलं, झटकलं गेलं, पोरीच्या अंगावर पसरलं गेलं.

यास्नाने त्याचं एक टोक धरून ओढलं. म्हातारीने दुसरं सोडलं नाही.

"माझ्या हातचं आहे," ती हळूच म्हणाली. "इतकं घाण झालं का ते?"

  यास्नाने आपलं टोक सोडलं.

पांघरुणाखालून दुन्याने आईकडे पाहिलं, आणि तळहात नाकाकडे नेला.