मी पुसलेलं बटण

आमच्या घराला पुढचं दार आहे, पण ते पोस्टमनसाठी आणि निवडणुकीची पत्रकं वाटत फिरणाऱ्या मंडळींसाठी. टेक्सासमधल्या प्लेनोत राहायला आल्यापासून आम्ही स्वतः गॅरेजमधूनच ये-जा करतो. चपलांचं कपाट तिथे, तांदळाच्या गोण्या तिथे, मासे तळायची शेगडीही तिथेच, कारण घरात वास धरला की आठवडाभर जात नाही. ओळखीची माणसंसुद्धा बेल वाजवत नाहीत, गॅरेजपाशी गाडी लावून फोन करतात. तेव्हा गॅरेजचं दार हेच आमचं खरं दार. ते उघडायचं बटण मी माझ्या बायकोच्या गाडीतून स्वतःच्या हाताने पुसून टाकलं, त्याची ही हकिगत. सांगायला मला जड जातं आहे. पण न सांगण्याने काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

ती गाडी आम्ही बायको रिटायर झाली त्या वर्षी घेतली. ती कॅन्सरची डॉक्टर, मी इंजिनिअर. गाडी घरी आली त्याच दुपारी मी मॅन्युअल उघडून बसलो. या गाड्यांत आरशाखालीच तीन बटणं असतात आणि त्यांतल्या एकाला आपल्या गॅरेजची ओळख करून द्यावी लागते. आधी गॅरेजचा सुटा रिमोट त्या बटणाजवळ धरून दोन्ही एकदम दाबायची. दिवा भराभर लुकलुकू लागला की गाडी शिकली. मग शिडीवर चढून छताला टांगलेल्या मोटरवरचं बटण दाबायचं आणि तीस सेकंदांच्या आत गाडीत जाऊन पुन्हा आपलं बटण दाबायचं, म्हणजे मोटरही शिकली. साठी उलटलेल्या माणसाने शिडी उतरून तीस सेकंदांत गाडीत शिरायचं, हे मॅन्युअल लिहिणाऱ्याला सोपं वाटलं असणार. दोनदा फसलं. शेवटी तिला गाडीत बसवलं आणि मी वरून ओरडत राहिलो, “हं, दाब! सोड! परत दाब!”

“अहो, आमच्या इमर्जन्सीतसुद्धा कुणी इतकं ओरडत नाही,” ती काच खाली करून म्हणाली.

दार कुरकुरत वर गेलं. ती हसली. मी शिडीवर उभा होतो आणि मला उगीचच फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

मागच्या हिवाळ्यापासून ती विसरू लागली. आमटीत दोनदा मीठ, एकाच मैत्रिणीला सकाळ-संध्याकाळ तोच फोन. या वयात होतं असं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग मार्चमध्ये ती कोथिंबीर आणायला देशी वाणसामानाच्या दुकानात गेली. दहा मिनिटांचा रस्ता. दोन तासांनी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत. “अहो, दुकान कुठे हलवलं हो यांनी? मी केव्हाची शोधतेय.” ती चाळीस मैल उत्तरेला, ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये होती. मी टॅक्सी करून गेलो आणि तिची गाडी चालवत तिला घरी आणलं. येताना ती शेजारी बसून पडद्यांना कुठला रंग बरा दिसेल ते बोलत होती.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. स्मृतिभ्रंशाचं निदान त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं. निघताना मला मात्र थोडं बाजूला घेऊन ते म्हणाले, गाडी चालवणं आजपासून बंद. तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगतो. परक्या माणसाने सांगण्यापेक्षा नवऱ्याने सांगावं, असं मला वाटलं. हा मोठेपणा मी घेतला आणि तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

त्याला कारणं होती, आणि मला ती तेव्हा फार चांगली वाटत होती. या देशात आल्यावर आमच्यात पहिलं लायसन्स तिने काढलं. मला गाडी तिने शिकवली, तिच्याच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, साठलेल्या बर्फाच्या ढिगांमधून. मुलीला पोहायला, भरतनाट्यमला, शनिवारी मराठी शाळेला नेणारी ती. रात्रपाळीला एकटी चाळीस मैल जाणारी ती. आणि आमच्या घरची रीत अशी की कडू गोष्ट माणसाच्या तोंडावर बोलायची नाही. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत त्यांच्या आजाराचं नाव कळू दिलं नव्हतं. घरातले सगळे मिळून खोटं बोललो आणि त्याला आम्ही प्रेम म्हटलं.

जर्सी सिटीहून मुलगी रोज फोन करायची. “बाबा, तू अजून आईला सांगितलं नाहीस? यू हॅव टु टेल हर. शी डिझर्व्ज दॅट.”

“तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं तुझं,” मी म्हणायचो आणि फोन ठेवून द्यायचो. तिचं बरोबर होतं म्हणूनच मला राग यायचा.

आधी मी किल्ली लपवून पाहिली. तिने सगळं घर पालथं घातलं. डाळींचे डबे उपसले, धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासले, आणि शेवटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडायला लागली. “मला काहीच कसं आठवत नाही हो,” म्हणाली. किल्ली माझ्या खिशात होती. मी सोफ्यामागे वाकल्याचं नाटक करून ती काढून दिली. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरून आभार मानले. त्या आभारांची मला अजून लाज वाटते.

मग मला ते सुचलं. किल्ली हरवली तर ती स्वतःला दोष देते, पण दार उघडलं नाही तर दोष यंत्राचा. तिचा मानही राहील आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही. एका सकाळी ती आंघोळीला गेलेली पाहून मी तिच्या गाडीत बसलो आणि कडेची दोन बटणं एकदम दाबून धरली. दिवा लुकलुकेपर्यंत धरायची, म्हणजे गाडी शिकलेलं सगळं विसरते. गाडी विकण्याआधी हे करावं असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. वीसेक सेकंद लागले. गॅरेजचा सुटा रिमोटही माझ्या कागदांच्या खणात टाकला. ती गाडीत बसेल, बटण दाबेल, दार उघडणार नाही, ती आत येऊन मला सांगेल. मी म्हणेन, मोटर बिघडली आहे, माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हळूहळू ती बाहेर जायचंच विसरेल. खरं सांगतो, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

माझा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता, ती म्हणजे ती आत येऊन मला सांगेल. चाळीस वर्षांच्या सवयीने तिला हे शिकवलं होतं की गाडीत बसायचं, पट्टा लावायचा, इंजिन सुरू करायचं, एसी लावायचा आणि मग दार उघडायचं. हा क्रम तिच्यात पक्का होता. दार न उघडल्यावर काय करायचं, ते त्या क्रमात नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी मागच्या अंगणात मेथीला पाणी घालत होतो. ती आत पेपर वाचत बसली आहे असा माझा समज होता. कात्री घ्यायला आत आलो तर पॅसेजमध्ये विषारी वायूचा अलार्म वाजत होता. चार बीप, जरा खंड, पुन्हा चार बीप. गॅरेजकडचं आतलं दार उघडलं. गाडी सुरू होती. ती पट्टा लावून बसली होती, पर्स मांडीवर, आणि बोट त्या बटणावर.

मी भिंतीवरचं बटण दाबलं. दार वर जायला लागलं.

“बघा, उघडलं,” ती म्हणाली. “केव्हाची दाबतेय मी.”

इंजिन बंद करून मी तिला बाहेर आणलं, हिरवळीवर बसवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. मला काही सुधरत नव्हतं. तीच म्हणाली, अगदी वॉर्डातल्या आवाजात, “डोकं ठणकतंय, मळमळतंय. एक्झॉस्ट आहे हा. घरात परत जाऊ नका. आधी फोन करा.”

अॅम्ब्युलन्स आली, फायर ब्रिगेडची गाडी आली. तिला ऑक्सिजनचा मास्क लावला. फायर ब्रिगेडच्या एका तरुणाने गॅरेजमधली हवा मोजली आणि मला विचारलं, दार बंद कसं राहिलं? मी म्हटलं, ओपनर बिघडला आहे. माझी बायको हिरवळीवर मास्क लावून बसलेली, आणि मी अजून खोटंच बोलत होतो.

तो मुलगा कामाचा पक्का होता. त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. दार सरळ खाली आलं, सरळ वर गेलं. मग तो तिच्या गाडीत बसला, आरशाखालचं बटण दाबून पाहिलं आणि आमच्या दोघांकडे बघत चांगल्या मनाने म्हणाला, काका-मावशींशी आपली मुलं बोलतात तितक्या आदराने, की मोटरला काही झालेलं नाही, गाडीतलं बटण कुणीतरी पुसलं आहे. पाच मिनिटांचं काम आहे, रिमोट असेल तर आत्ता करून देऊ का? मी नको, नको म्हणत राहिलो. ती मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होती.

हॉस्पिटलमध्ये चार तास ऑक्सिजन दिला. थोडक्यात निभावलं, असं म्हणाले. संध्याकाळी मास्क काढल्यावर तिने विचारलं, “तो मुलगा काय म्हणत होता? बटण कुणीतरी पुसलंय?”

“हो.”

“कुणी?”

“मी.”

“का?”

मी पलंगाचा कठडा धरून उभा होतो. म्हटलं, अगं, हल्ली रस्ते किती वाढलेत, टेक्सासचे लोक कसे गाड्या मारतात, डॉक्टरही म्हणत होते की जरा काही दिवस… तिने हात वर करून मला थांबवलं.

“आधी बसा. वाईट बातमी उभ्याने सांगायची नसते. आणि एका वाक्यात सांगा.”

मी बसलो. “तुला यापुढे गाडी चालवता येणार नाही.”

“म्हणून मला गॅरेजमध्ये कोंडलंत,” ती म्हणाली. मला रडू फुटलं. तिने माझा हात धरला नाही. “मी शेकडो लोकांना सांगितलंय हो. तुम्हाला एका बायकोला सांगता आलं नाही.” मग तिने पर्स मागितली, किल्ली काढली आणि आमच्या मधे चादरीवर ठेवली. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ती तयार होऊन आली आणि किल्ली शोधायला लागली. “कोथिंबीर संपलीय, पटकन जाऊन येते,” म्हणाली. आदल्या दिवसाचं तिला काहीही आठवत नव्हतं. गॅरेज नाही, हॉस्पिटल नाही, माझं रडणं नाही. दार बिघडलंय, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो आणि एका वाक्यात सांगितलं. ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला.

आठवड्याने गाडी विकली. ती विचारायची थांबली नाही. “माझी गाडी कुठाय?” मी बसतो आणि सांगतो. कधी ती चिडते, कुणी ठरवलं म्हणते, मी म्हणतो मी ठरवलं. कधी दिवसभर बोलत नाही. आता मुलगीच म्हणते, “बाबा, रोज रोज तिला हर्ट नको करूस. जस्ट से, गाडी रिपेअर शॉपमध्ये आहे.” डॉक्टरांचंही मत आहे की अशा आजारात थोडं खोटं चालतं. चालत असेल. दोघांचं बरोबरही असेल. पण माझ्या तोंडून ते निघत नाही. तीन आठवडे मी जे टाळलं, ते आता रोज सकाळी पहिल्यापासून सांगतो, आणि ते कधीही सोपं होत नाही.

आज सकाळीही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला आणि पुढे झुकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझा आवाज बहुधा कापला असावा. अशी बातमी सांगून झाली की ती पेशंटला शेवटी एकच गोष्ट विचारायची, त्याच सावकाश आवाजात तिने मला विचारलं, “घरी तुमच्यासोबत कुणी आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं.