चाळीस मिनिटं थांबलेला ट्रक आणि माझा बीपी

"वय त्रेपन्न, बीपी एकशे शहात्तर. डोक्यावर असा कोणता डोंगर आहे हो?" डॉक्टरांनी विचारलं. मी वाडीच्या एका गोदामात लोडिंग सुपरवायझर. डोंगर म्हणाल तर पोत्यांचे. तेही हमाल उचलतात, मी नुसता हात दाखवतो.

हायपरटेन्शन, म्हणजे रक्तदाब चढाच राहणं. तो नेमका कधी चढतो ते पाहायला ॲम्ब्युलेटरी मॉनिटर लावला. दंडाला पट्टा, कमरेला डबी, चोवीस तास. दर अर्ध्या तासानं पट्टा दंड आवळतो, तेव्हा आपण काय करत होतो ते वहीत लिहायचं. गोदामाच्या सवयीनं मी सगळं खरंखरं लिहिलं. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर बसून आत गेलो. बायको सुनंदा सोबत. डॉक्टरांनी वही उघडली. सकाळी थप्पी कोसळली, ओरडून दुसरीकडे लावून घेतली: एकशे अडतीस. दुपारी खुर्चीत बसलो: एकशे ब्याऐंशी.

"बसून काय केलं?"

"मंजुरीची वाट पाहिली."

लांबचा माल आधी भरायचा, जवळचा दारापाशी, हे मला बावीस वर्षं कळतं. आता क्रम मोबाईलवर, कंपनीच्या ॲपमधून येतो. त्या दिवशी जवळच्या अमरावतीचा माल आत आणि लांबच्या धुळ्याचा दारात. बदलायचं तर फोटो पाठवा, कारण लिहा, थांबा. जन्मात ट्रक न भरलेला कोणीतरी हो म्हणेस्तोवर चाळीस मिनिटं. ड्रायव्हर म्हणाला, "काय गा काका, तुमी सुपरवायझर का पोस्टाचा डबा?" शिसारी आली. त्या ॲपची, आणि मान डोलावणाऱ्या माझीही.

"गोळी देतो," डॉक्टर म्हणाले. "तिला मंजुरी लागत नाही. रोज घ्या."

तोवर सुनंदानं वही वाचली होती. "मले बी लावा जी हे मशीन. हे घरी असतात तवा. पडदे घ्याले चार महिन्यापासून यांच्या हुकमाची वाट पाहून राहिली मी. भाजी कोणती करू, तेबी विचारा लागते."

डॉक्टरांनी तिथंच पट्टा बांधला. एकशे चोपन्न. या वेळची शिसारी वाटून घ्यायला ॲप नव्हतं.

कोणाचा बीपी असा चढत असेल, तर वही खरी लिहा आणि घरच्यांना वाचू द्या. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

क्रम ठरवायचा अधिकार परत मागणारा अर्ज मी दिलाय. तो मंजुरीसाठी थांबलाय. घरात पडदे लागले. रंग मला मुळीच आवडलेला नाही. मला कोणी विचारलंही नाही. सुनंदाचा बीपी परवा एकशे अठ्ठावीस होता.