आधी मेघाचं लगीन

मालनबाईंशी वाद घालायचा मला दहा वर्षांचा अनुभव आहे आणि त्यात मी एकदाही जिंकलेले नाही. पाचोडच्या अलीकडे त्यांचं गाव. आपल्या बौद्ध वस्तीतल्या सहा आणि वरच्या आळीतल्या सहा बायकांचा त्यांनी एक बचत गट बांधला, तेव्हापासून मी शहरातून बैठका घ्यायला जाते. आळीतल्या बायका सोबत बसायच्या, हसायच्या. चहा मात्र घरून पिऊन यायच्या.

गटानं लग्नकार्यासाठी मोठी पातेली आणि पराती घेतल्या. त्यांच्यावर नावं घालायची वेळ आली, तेव्हा गावातली शहाणी माणसं म्हणाली, निम्म्यांवर वस्तीचं घाला, निम्म्यांवर आळीचं, उगाच सरमिसळ नको. मालनबाईंनी भांडी आठवडी बाजारात नेली आणि सगळ्यांवर एकच नाव घालून आणलं, गटाचं.

पहिलं लग्न निघालं मालनबाईंच्या नातीचं, मेघाचं. दोनच दिवसांनी सोमनाथचं. त्याची आई दगडाबाई आळीतली, गटाची सचिव. त्याच्या वडिलांनी, कारभारींनी, निरोप धाडला, आमचं कार्य होईपर्यंत भांडी वस्तीत वापरू नका. नाहीतर आळीतल्या बायका गट सोडणार, हे उघड होतं. मीही म्हटलं, एवढ्यानं गट टिकत असेल तर ऐका. त्याची मला आजही लाज वाटते.

"मोडला तर परत बांधीन," मालनबाई म्हणाल्या. "पण मान खाली घालून बांधलेला गट मला नको. आधी मेघाचं लगीन."

लग्न लागलं. जेवणं उरकत आली तरी आळीतलं कुणी फिरकलं नाही. मालनबाई हातानं वाढत होत्या आणि डोळ्यांनी रस्ता बघत होत्या. तेवढ्यात भांडी न्यायला ट्रॅक्टर आला. कारभारी वरच बसून राहिले. दगडाबाई उतरल्या, पंगतीत बसून पोटभर जेवल्या आणि एक ताट वाढून घेऊन ट्रॅक्टरपाशी गेल्या.

"अहो, याच पातेल्यात परवा आपल्या पाव्हण्यांचं वरण शिजायचंय. आज तुम्ही खाल्लं नाय, तर परवा त्यांना कोणत्या तोंडानं वाढाल?"

कारभारींनी बऱ्याच वेळानं इंजिन बंद केलं. दोन घास खाल्ले. मग कुणाकडं न बघता म्हणाले, "मीठ कमी हाय."

"व्हय का, भाऊ?" म्हणत मालनबाई मीठ घेऊन गेल्या.

कारभारींनी ताट पुढं केलं.