आत्याच्या बंदुकीची दुर्बीण

आत्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीच्या बसमधून उतरत होते. “जय भीम, बाळा. तुला सुट्टी कधी हाय? बंदुकीला दुर्बीण घ्यायची हाय,” एवढंच ती म्हणाली. जणू कुकरची रिंग आणायची होती.

आत्या सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, फौजेत होते. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी शेतीसाठी रायफल घेतली आणि आत्यालाही ती चालवायला शिकवली. ते गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की आता बंदूक विकणार. आत्यानं विकली नाही. वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मिळवायला ती दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली आणि परवान्याचं पुस्तक घेऊनच थांबली.

तिच्याकडं डोंगराच्या कडेनं मका आणि कपाशी. मक्याला कणसं धरली की रानडुकरांचा कळप उतरतो आणि एका फेरीत अर्धा एकर आडवा करतो. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी वन खात्याकडून काढावी लागते, आणि मारायला परवाना असलेला माणूस लागतो. आसपासच्या गावांत तसा माणूस म्हणजे आत्याच. तोवर तिनं दोन डुकरं मारली होती, दोन्ही एकेका गोळीत.

मग तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. लांबचं लख्ख दिसायला लागलं. धुऱ्यावरच्या लिंबाची पानं मोजता येतात, असं ती सांगायची. पण बंदुकीच्या टोकावरची माशी, जी निशाणावर धरून नेम साधायचा, ती पुसट झाली. चष्मा लावला की माशी दिसायची आणि डुक्कर पुसट व्हायचं. दुर्बिणीत नेमाची फुली आणि जनावर एकाच वेळी स्पष्ट दिसतं, हे तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मी वाळूजला एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, केसाच्या जाडीचाही फरक पडला तर परत पाठवायचे. त्यामुळं आत्याला वाटलं, यातलं मला कळत असेल. मलाही तसंच वाटलं. तीन दिवस मोबाइलवर वाचून मी एक दुर्बीण पक्की केली. स्वस्त होती. नऊ पट मोठं दाखवायची, पुढची काच वाटीएवढी, आत फुलीला लाल-हिरवा दिवा. तिच्या तिप्पट किमतीची दुसरी एक होती, ती साधी, काळी, बारीक, सात पटीच्या पुढं जात नव्हती आणि दिवाही नव्हता. तीत एवढे पैसे कशाचे, ते मला काही समजेना.

आत्या एस.टी.नं आली. बंदूक कापडी खोळीत, खोळ मांडीवर, परवाना पर्समध्ये. बसस्टँडवरून आम्ही रिक्षानं जुन्या शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानाचे म्हातारे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, एका कुलपात सुईएवढा पेचकस घालून बसले होते. त्यांनी आमच्या मागं दाराकडं पाहिलं.

“साहब गाडी लगा रहे क्या?”

“साहेब वारले,” आत्या म्हणाली. “बंदूक माझी हाय.”

चाचांनी परवाना उघडला, फोटो पाहिला, आत्याकडं पाहिलं आणि उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. “बैठो बाईसाब. क्या मारते?”

“डुक्कर. मक्यात.”

“कितने पे?”

“साठ-सत्तर पावलं. शंभराच्या पल्याड मी मारीत नाय.”

त्यांनी दोन्ही दुर्बिणी काढून मखमलीवर ठेवल्या. नेमक्या मी वाचून ठेवलेल्याच दोन. मी लगेच स्वस्त दुर्बिणीची बाजू मांडायला लागले. नऊ पट, मोठी काच, दिवा. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चाचांना विचारलं, “दुकान कधी बंद करता?”

“मगरिब के बाद,” म्हणजे दिवस मावळतानाच्या नमाजानंतर.

“मग आमी बसतो तवर. आता उजेडात दोन्ही चांगल्याच दिसणार. डुक्कर दुपारी येत नाय.”

मला वाटलं, चाचा वैतागतील. त्यांनी चहा मागवला. “हौ, बराबर बोले,” म्हणाले. “सब लोगां आके पयले झूम पूछते. कब मारना है, कोई नै बोलता.”

मधले दोन तास कसे गेले, कळलं नाही. शेजारच्या मशिदीच्या भिंतीवर ऊन सरकत होतं आणि आत्या एकेक दुर्बीण बंदुकीवर बसवून घेत होती. बंदूक रिकामी असल्याची खात्री तिनं स्वतः तीनदा केली, चाचांनी केल्यावरही. मग दुकानातल्या मागच्या भिंतीकडं तोंड करून डोळे मिटायची, बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायची. स्वस्त दुर्बिणीत दर वेळी काळं कडं यायचं. चित्र पुरतं दिसायला मान पुढं घालून डोळा काचेजवळ न्यावा लागायचा. साधीत डोळे उघडले की चित्र समोर तयार असायचं, आणि काच भुवईपासून चार बोटं लांब.

“ही बंदूक लाथ मारती,” आत्या मला म्हणाली. “काच इतकी जवळ ठेवली तर भुवई फुटंल. माझा डोळा नुकता नीट झालाय, बाळा.”

हे मी कुठंच वाचलं नव्हतं. कुठं लिहिलं असलं तरी माझ्या नजरेतून निसटलं असेल. मग मात्र मला माझं काम आठवलं. मी चाचांना विचारलं, दुर्बिणीवरचं हे बटण फिरवलं की फुली सरकते, ती उलट फिरवल्यावर त्याच जागी येते का? यंत्राचा स्क्रू झिजला की असंच होतं. पुढं नेलेला मागं आणला, तर तो जुन्या जागी येत नाही. आम्ही त्याला प्ले म्हणतो.

चाचा हसले. “देख लो ना बेटी.”

त्यांनी मागच्या बाकावरच्या शिकंज्यात फडकं घालून स्वस्त दुर्बीण घट्ट बसवली. मी समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पाटीवर, पहिल्या अक्षराच्या कोपऱ्यावर फुली धरली. बटणाचे चाळीस खटके उजवीकडं, चाळीस वर, चाळीस डावीकडं, चाळीस खाली. फिरून त्याच कोपऱ्यावर यायला हवी होती. फुली दुसऱ्या अक्षरावर उभी होती. पुन्हा केलं, तर तिसरीकडंच. साधी दुर्बीण लावून तेच केलं आणि फुली कोपऱ्यावर आली. चार वेळा केलं, चारही वेळा आली. मी एवढी खूश झाले की आत्याला ओढून दाखवायला आणलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “तुला एवढं येतं व्हय? मग मघापासून दिव्याचं काय सांगत बसलीस?”

संध्याकाळी रस्त्यावरचा उजेड विझत आला तेव्हा आम्ही दुर्बिणी नुसत्याच हातात घेऊन पायरीवर आलो. बंदूक आत कपाटात. समोरच्या बोळात एका बंद दुकानाच्या छपराखाली काहीतरी काळं होतं. आत्यानं आधी मला बघायला लावलं.

“काय दिसतं?”

स्वस्त दुर्बिणीत दुधाळ धुकं होतं आणि त्यात एक काळा गोळा. दिवा लावला तर लाल फुली एवढी भगभगली की गोळाही दिसेना. “पोतं असेल,” मी म्हणाले. मग साधी डोळ्याला लावली. गोळ्याला कान फुटले.

आत्यानं माझ्या हातातून दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं. “बकरी हाय. डाव्या पायाला दोरी हाय. आन् गाभण हाय.” मग चाचांकडं वळली. “ही बांधा.”

चाचा म्हणाले की स्वस्त दुर्बीणच जास्त खपते, आणि छऱ्याच्या बंदुकीवर ती वाईटही नाही. “मगर बाईसाब, आपके काम की ये नै थी. मैं बोलताच था, आपने बोलनेच नै दिया.” आत्यानं साधीहूनही महागड्या दुर्बिणींच्या कपाटाकडं मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. हजार पावलांवरचं मला काय करायचंय, म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. पोलीस पाटलांना आणि ठाण्यात आधी सांगून, गावामागच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत तिनं दुर्बिणीचा बंदुकीशी मेळ बसवला. खाणीच्या भिंतीपुढं मातीचा ढीग, ढिगावर पुठ्ठा. एक गोळी झाडायची, मग नळी निवेपर्यंत पोत्यावर बसून राहायचं. मी उन्हात चुळबुळ करत होते. ती शांत. तीन गोळ्यांची तीन भोकं, एका तळहाताखाली झाकतील एवढी जवळ, पण मधल्या ठिपक्याच्या उजवीकडं. तिनं मला खटके मोजायला लावले, बटण फिरवलं. चौथी गोळी ठिपक्याला लागून. “बास,” म्हणाली आणि उरलेल्या गोळ्या खिशात टाकल्या. मला आणखी पाहायचं होतं. तिला नव्हतं.

त्याच दिवशी दिवस बुडताना आम्ही शेतातल्या माळ्यावर बसलो. वनरक्षक बाई होत्या, तिशीच्या, त्या शिडीच्या पायथ्याशी. वारा आमच्या तोंडावर होता. डुकरं आली ती आधी आवाजानं कळली, कडबा मोडल्यासारखा. मग मक्याच्या कडेला एकामागून एक काळे ढिगारे. मला तरी ढिगारेच. आत्याच्या तोंडून इतकं हळू शब्द येत होते की ते श्वासच वाटत होते. “मादी हाय. मागं पिलं हायती.” ती थांबली. दुसरं एक मोठं पुढं आलं, तिनं बंदूक फिरवली, पुन्हा थांबली. त्याच्या मागं उघडी वाट होती, चुकलेली गोळी अडायला काहीच नाही. तिसरा, एक नर, उताराला लागला, त्याच्या मागं नुसता मातीचा बांध, तेव्हा गोळी सुटली. तो जागेवर बसला. बाकीचा कळप डोंगराकडं फुटला.

आत्या लगेच उठली नाही. बंदूक रिकामी केली, मांडीवर आडवी घेतली आणि माळ्याच्या बांबूला टेकून बसली. डुक्कर पडलं होतं तिकडंच ती बघत राहिली. मला तोवर वाटायचं, तिला याचं काही वाटत नसेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली, “तडफडला नाय ना?” वनरक्षक बाईंनी बॅटरी लावून पाहून आल्यावर सांगितलं, “नाही मावशी. लागल्या जागीच.”

“मग ठीक.”

सकाळी पंचनामा झाला, डुक्कर नियमानं पुरलं. आत्यानं खड्ड्यावर स्वतः चार फावडी माती ओढली, आंघोळ केली आणि भाकरी खाऊन बाजेवर झोपली. दिवसाउजेडी झोपलेली आत्या मी पहिल्यांदा पाहिली. शेजारणी दुर्बीण बघायला आल्या होत्या, डोंगरावरचं देऊळ कसं दिसतं ते बघू म्हणाल्या. उठल्यावर तिनं साफ नाही म्हटलं. बंदूक कुणाकडं रोखून गंमत बघायची नसते, एवढं सांगून तिनं सगळ्यांना चहा केला.

त्या हंगामात ती आणखी तीन शेतांवर गेली. एका ठिकाणी मारलं. दोन ठिकाणांहून गोळी न झाडता परत आली. त्यातल्या एका शेतकऱ्यानं चारचौघांत टोमणा मारला, “एवढी भारी दुर्बीण लावली आन् मोकळ्या हातानं चालल्या व्हय, बाई?”

“दिसलं म्हणूनच चालले,” आत्या म्हणाली. “तुमच्या बांधापल्याड कापूस वेचणाऱ्यांची पालं हायती. तुमाला ठाव होतं का?”

त्याला ठाऊक नव्हतं. ती माणसं त्याच दुपारी जळगावकडून येऊन उतरली होती. तो शेतकरी आत्याबरोबर पालांपर्यंत चालत गेला आणि त्यांना आपल्या विहिरीजवळ, डुकरांच्या वाटेपासून लांब, जागा देऊन आला. परत येताना आत्याची बंदूक आपण धरू का, असं त्यानं विचारलं. “परवान्यावर नाव माझं हाय,” म्हणत तिनं ती स्वतःच्याच खांद्यावर ठेवली आणि त्याला हातातला पाण्याचा डबा धरायला दिला.