एक इंजिन बंद पडलं तर

माझी नोकरीच मुळी भलतंसलतं बोलण्याची. डोंगरांवरून जाणाऱ्या विमानांचे मार्ग मी आखते, आणि प्रत्येक मार्गावर एकच प्रश्न विचारत राहते: इथे एक इंजिन बंद पडलं तर? विमान लगेच कोसळत नाही. पण एका इंजिनावर तेवढी उंची टिकत नाही, ते सावकाश खाली येत जातं. ते खाली येताना शिखरं आडवी येणार असतील, तर कुठून वळायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

आईला असलं काही ऐकवत नाही. दारातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं, तर ती त्याला परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावते.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन आई-बाबांच्या सुदामा नगरच्या घरी आले. धोका होता, डॉक्टरांनी तो लपवला नव्हता. आपल्यामागे आईनं या घरात एकटीनं राहायचं की माझ्याकडे यायचं, हे बाबांना तिच्याशी बोलायचं होतं. त्यांनी विषय काढला, की ती गॅस बघायला उठायची. बाबा गप्प व्हायचे. मला दोघांचाही राग यायचा, आईचा जरा जास्तच.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. स्क्रीनवरची डोंगरांची रेघ आणि तिच्यावर उतरत जाणारी दुसरी रेघ बघून तिनं विचारलं, हे काय उतरतंय? मी तुटकपणेच सांगितलं.

“आणि पायलटला हे पहिलेच सांगून देता? घाबरत नसेल का तो?”

“वर गेल्यावर सांगून काय उपयोग? दोन्ही इंजिनं चालू असतानाच ठरवावं लागतं, आई.” माझा आवाज चढला होता, आणि शेवटी तो फुटलाच.

ती मेथी तशीच टाकून बाहेर दारासमोरच्या ओट्यावर उन्हात बसलेल्या बाबांजवळ गेली.

“बोला तुम्ही,” ती म्हणाली. “मला कुठून वळायचं, सांगून ठेवा. आता मी बिल्कुल उठत नाही.”

बाबा हळूहळू बोलू लागले. आत गॅसवर दूध उतू गेलं, वास ओट्यापर्यंत गेला. ती उठली नाही. मीच जाऊन गॅस बंद केला.